सफेद्याखालची भाजीवाली

मी एक जुनी भाजीवाली आहे, मित्रांनो. उंचीने तुमच्या करंगळीएवढी आणि अंगाने प्लॅस्टिकची. माझ्या टोपलीत सात वांगी आहेत, पण ती कोणी मागू नयेत. जन्मापासून ती तिथेच चिकटलेली आहेत आणि आजवर एकही विकलं गेलेलं नाही. तरी मी स्वतःला भाजीवालीच म्हणवते, कारण डोणगावच्या बाजारासाठी मी जे केलं ते तिथल्या खऱ्या भाजीवाल्यांनी मान्य केलं आहे. बढाई वाटत असेल तर वाटू द्या. आधी ऐका, मग बोला.

माझा जन्म मुंबईतल्या एका लहानशा कारखान्यात झाला. वितळलेलं प्लॅस्टिक पोलादी साच्यात दाबलं, साचा उघडला आणि मी बाहेर पडले. तो साचा कोरणारा माणूस कोण होता ते मला ठाऊक नाही, पण मोठा कसबी असला पाहिजे. त्याने मला एक गुडघा उभा करून बसवलं, हातात तागडी दिली, नाकात नथ कोरली आणि डावी भुवई अशी वर चढवली, की भाव पाडणाऱ्या गिऱ्हाइकाने तोंड उघडण्याआधी दोनदा विचार करावा. त्या भुवईचा मला फार गर्व होता. रंग मात्र आम्हाला कोणी दिला नाही. आम्ही बारा जण सायीच्या रंगाचे, कोरे, एका पुठ्ठ्याच्या डब्यात बसलो. डब्यावर 'बाजार' असं लिहिलेलं होतं. त्यात आम्ही पाच भाजीवाल्या, आणि कुंभार, कासार, पोस्टमन वगैरे बाकीची मंडळी.

खामगावच्या एका दुकानात आम्ही बरेच दिवस काचेमागे काढले. महाराष्ट्राचं राज्य होऊन तेव्हा पाच-सहा वर्षं झाली असतील. एके दिवशी दुकानात इंद्रभान पेंटर आला. तो डोणगावचा. बैलगाड्या, लोखंडी पेट्या, दुकानांच्या पाट्या, जे समोर येईल ते रंगवायचा आणि सामान घ्यायला खामगावला यायचा. त्याने सफेद्याचे, म्हणजे दाट पांढऱ्या रंगाचे डबे घेतले, जवसाचं तेल घेतलं आणि आमच्याकडे बोट दाखवून विचारलं, की ही माणसं पाण्यात विरघळतात का. दुकानदार हसला. मलाही हसू आलं, कारण असला प्रश्न आमच्याबद्दल कोणी कधी विचारला नव्हता.

त्या प्रश्नामागे अन्नपूर्णाबाई होत्या. डोणगावच्या माळीपुऱ्यातल्या, पन्नाशीच्या, स्वतः मेथी-वांगी पिकवून स्वतःच बाजारात बसून विकणाऱ्या. तिथला बाजार भरला की भाजीवाल्या बायका रस्त्याच्या कडेला नालीच्या काठावर बसायच्या. गावाचा उतार सगळा त्या बाजूला. एक सर आली, की गावभरचं पाणी नालीत आणि नालीतून बायकांच्या टोपल्यांत. भाजी चिखलात, लुगडी चिखलात आणि गिऱ्हाईक नाक मुरडून पुढे. त्या बायकांना बसायला एक उंच ओटा हवा होता, बास. पण ग्रामपंचायतीला त्या वर्षी एकच बांधकाम करता येणार होतं आणि सरपंच रामरावांच्या मनात गावाच्या तोंडाशी कमान बांधायची होती. तीही त्यांच्या आईच्या नावाची, 'मातोश्री रुक्मिणीबाई कमान'.

रामराव वाईट माणूस नव्हते, हे मी आधीच सांगून टाकते. आई जाऊन त्यांना दोन वर्षं झाली होती आणि तिचं नाव गावाने रोज वाचावं, एवढीच त्यांची इच्छा होती. गंमत अशी, की रुक्मिणीबाई स्वतः तीस वर्षं त्याच नालीच्या काठावर वांगी विकत बसल्या होत्या आणि त्यातूनच त्यांनी रामरावांना वाढवलं होतं. शेजारी अन्नपूर्णाबाईंची टोपली असायची. मुलगा सरपंच झाला आणि नाली विसरला. अन्नपूर्णाबाईंनी दोनदा घरी जाऊन ओट्याचं सांगून पाहिलं. दोन्ही वेळा 'पाहू काकू' एवढंच उत्तर मिळालं. 'पाहू' म्हणजे काय, हे भाजीवालीला समजावून सांगावं लागत नाही. न घेणारं गिऱ्हाईकही तेच म्हणतं.

मग त्यांनी ठरवलं, की ग्रामसभेत नुसतं बोलायचं नाही, दाखवायचं. परातीत मातीचा बाजार करायचा, त्यात नाली करायची, काठावर बायका बसवायच्या आणि सगळ्यांसमोर वरून तांब्याभर पाणी ओतायचं. मधली बाई मात्र हुबेहूब रुक्मिणीबाई असली पाहिजे. लेकाने आईला त्या पाण्यात बसलेली पाहिली, तरच त्याच्या मनातली कमान हलेल, असा त्यांचा हिशेब होता. आधी त्यांनी मातीच्या बायका केल्या, पण पहिल्याच तांब्याला त्यांचा गाळ झाला. म्हणून इंद्रभानकडून प्लॅस्टिकची माणसं आणवली. डबा उघडून त्यांनी आम्हा पाचजणींना तळहातावर ओळीने बसवलं. माझ्यापाशी त्यांची नजर थांबली.

"हेच," त्या म्हणाल्या. "रुक्मिणीबाई अशीच पाहे गिऱ्हाइकाकडं. तोंड जपजो हिचं, इंद्रभान."

मित्रांनो, त्या दिवशी मला आकाश ठेंगणं झालं. कारखान्यातून हजारो बाहुल्या निघतात, पण गावाच्या कामासाठी निवड किती जणींची होते? आता ग्रामसभेला बारा दिवस होते. मी मनातल्या मनात हिरवं लुगडं नेसले, कुंकू लावलं आणि सभेत मिरवायला तयार झाले.

आणि इंद्रभानने माझं वाटोळं केलं.

त्याची नियत वाईट नव्हती, तेच तर दुःख. त्याच्या वडिलांनी त्याला बैलगाडी रंगवायला शिकवताना एक गोष्ट पक्की शिकवली होती, की अस्तर, म्हणजे रंगाखालचा पांढरा थर, देताना हात आखडायचा नाही. लाकूड तहानलेलं असतं. सफेद्याचा पहिला हात ते पिऊन टाकतं, दुसरा अर्धा पितं, तेव्हा तिसरा कुठे वर टिकतो. त्या अस्तरामुळेच इंद्रभानच्या गाड्या दहा-दहा पावसाळे रंग सोडत नसत. आमच्यासाठी तर त्याने खास सफेदा घोटला, जवसाच्या तेलात चांगला दाट. पहिला हात दिला. आमच्या अंगाला साच्याचा ओशटपणा होता, त्यामुळे रंग इकडे-तिकडे घसरला. लाकूड असतं तर त्याने तोच अर्थ काढला असता, जो त्याने आमच्याबाबतीत काढला: अजून तहान आहे. त्याने दुसरा हात दिला. मग तिसरा, सगळ्यांत जाड, 'अन्नपूर्णाकाकूचं काम हाय' असं स्वतःशी म्हणत.

अरे बाबा, प्लॅस्टिक पीत नाही रे! मी आतून ओरडत होते, पण ऐकतो कोण? पहिल्या हातात माझी वांगी बुडाली. दुसऱ्यात नथ गेली, बोटं एकमेकांना चिकटली. तिसऱ्या हाताने माझी भुवई, डोळे, ओठ सगळं बुजून गेलं. वरून साय धरली आणि आत सफेदा ओलाच राहिला. शेजारणीकडे पाहिलं तर तिथे भाजीवाली नव्हती, एक पेढा बसला होता. मीही तशीच दिसत असणार हे कळलं, तेव्हा मला रडू आलं.

दोन दिवसांनी अन्नपूर्णाबाई पाहायला आल्या. त्यांनी मला उचललं, उलटं केलं, सुलटं केलं. पुढची बाजू कोणती आणि पाठ कोणती, हे त्यांना बोटाने चाचपून शोधावं लागलं. इंद्रभान आधी कौतुकाच्या अपेक्षेने उभा होता. मग त्यालाही दिसलं.

"इंद्रभान," त्या हळूच म्हणाल्या, "रामरावनं माय ओळखावी कशी? हिले तं तोंडच नाई राह्यलं."

त्याची मान खाली गेली. चाळीस वर्षांचा माणूस, गावोगावी त्याच्या गाड्यांचं नाव होतं, आणि करंगळीएवढ्या बाईने त्याला हरवलं होतं. तो म्हणाला, की आताच नीट करतो. त्याने पोस्टमनला घेऊन चाकूच्या टोकाने खरवडून पाहिलं, तर सफेद्याबरोबर पोस्टमनचा कानही आला. मग एका जीपच्या ड्रायव्हरकडून वाटीभर पेट्रोल मागून आणलं आणि त्यालाच त्यात उभं केलं. पेट्रोलने सफेदा निघाला, हे खरं. पण थोड्या वेळाने बाहेर काढलं, तर पोस्टमनचा एक पाय डिंकासारखा वाटीला चिकटून राहिला. बिचारा नंतर एका पायावरच टपाल वाटत राहिला. माझी पाळी येण्याआधी अन्नपूर्णाबाईंनी वाटी बाजूला सरकवली, त्याबद्दल मी त्यांची जन्माची ऋणी आहे.

आठ दिवस उरले होते. इंद्रभान म्हणाला, मी लाकडाच्या बायका कोरतो. पण तो पेंटर होता, सुतार नव्हता, आणि रुक्मिणीबाईंचं ते पाहणं लाकडातून काढणं त्याला जमणार नाही, हे दोघांनाही माहीत होतं. अन्नपूर्णाबाई ओसरीवर बसून राहिल्या. मग त्यांनी विचारलं, की या सफेद्यात काय काय घातलं होतंस. तो म्हणाला, सफेदा आणि जवसाचं तेल.

"म्हंजे तेलच होय नं? मंग एवढं काऊन घाबरून राह्यला? तेलाचा डाग राखेनं निघते."

किती साधी गोष्ट! पेंटर पेंटरसारखा विचार करत होता, म्हणून त्याला चाकू आणि पेट्रोल सुचलं. या बाईने उभा जन्म तेलकट गोधड्या, तेलकट पणत्या आणि घाण्यावर जाणाऱ्या नवऱ्याचे सदरे धुतले होते. त्यांनी घरून पऱ्हाटीची राख आणली. वाळलेल्या पऱ्हाट्या चुलीत जळल्या, की कपाशीची जी राख उरते ती फार कडक असते. ती पाण्यात कालवून त्यांनी निवू दिली, वरचं पिवळसर पाणी फडक्यातून गाळलं, त्यात मूठभर धुण्याचा सोडा घातला आणि आम्हा सगळ्यांना मातीच्या बोळक्यात बुडवलं. इंद्रभान पाणी गरम करू म्हणाला. अन्नपूर्णाबाईंनी डोळे वटारले. त्यांच्या घरची प्लॅस्टिकची साबणाची डबी गरम पाण्याने कशी वाकडी झाली होती, ते त्या विसरल्या नव्हत्या.

दोन दिवस आम्ही त्या राखेच्या खारात बसून होतो. खरं सांगते, सुखाचं नव्हतं. सफेदा आतून सुटायला लागला की अंगाला आधी गुदगुल्या होतात, मग ओढ बसते. मला धीर नव्हता, कोणीतरी जोराने घासून मोकळं करावं असं वाटत होतं. अन्नपूर्णाबाई मात्र येऊन नखाने हलकेच तपासायच्या आणि परत जायच्या. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला बाहेर काढलं आणि अंगठ्याने दाबलं. भिजलेल्या वालाचं साल सुटावं, तसं पाठीवरचं अस्तर सुटलं.

मग त्या बाभळीचं दातण चावून घेऊन बसल्या. चावलेल्या टोकाचा मऊ कुंचा होतो, तो माझ्या सुरकुत्यांतून फिरवू लागल्या. आधी टोपली मोकळी झाली आणि सात वांगी वर आली. मग बोटं सुटी झाली. तोंडाशी आल्यावर त्यांनी दातणही ठेवलं आणि नुसत्या करंगळीच्या टोकाने चोळू लागल्या. खाराच्या पाण्याने त्यांच्या हातांची सालं निघत होती, तळहात लालेलाल झाले होते. इंद्रभान म्हणाला, काकू, राहू द्या, आता मी करतो. त्या म्हणाल्या, तू अजून घाईत आहेस, थोडा वेळ पाहत बस. आणि मित्रांनो, माझी भुवई बाहेर आली! नाक आलं, नथ आली, दोन्ही डोळे आले. अन्नपूर्णाबाईंनी मला तोंडासमोर धरलं आणि कितीतरी दिवसांनी मैत्रीण भेटावी तशा हसल्या. मला वाटतं, त्या घडीला त्या माझ्याकडे पाहत नव्हत्याच.

आता पुन्हा अस्तर देणं आलं. अस्तराशिवाय चालणार नव्हतं, कारण कोऱ्या प्लॅस्टिकवरचा रंग पहिल्या पाण्यालाच निघून गेला असता. पण या वेळी इंद्रभान नवा विद्यार्थी झाला होता. त्याने आम्हाला साध्या पाण्याने धुतलं, सावलीत वाळवलं, गोवरीच्या बारीक राखेने अंगावरची चकाकी मोडली, म्हणजे रंगाला धरायला जागा मिळेल. सफेद्यात थोडं रॉकेल घालून तो ताकाइतका पातळ केला. आमच्या अंगाला लावण्याआधी त्याने तो पोस्टमनच्या उरलेल्या पायावर लावून पाहिला. पाय शाबूत राहिला. मग गाडीचा ब्रश बाजूला ठेवून त्याने पाट्यांवरची बारीक अक्षरं काढायचा ब्रश घेतला आणि एक हात दिला. इतका पातळ, की खालचा सायीचा रंग दिसत होता.

दुसऱ्या दिवशी तो वाळला. इंद्रभानचा हात आपोआप डब्याच्या जागेकडे गेला. वीस वर्षांची सवय ती, एका दिवसात कशी सुटेल? पण अन्नपूर्णाबाई ओळखून होत्या. सफेद्याचा डबा त्यांनी घरी नेऊन ठेवला होता.

मग रंग चढले. हिरवं लुगडं, लाल काठ, केसांत पांढऱ्या रेघा. इंद्रभानने रुक्मिणीबाईंना लहानपणापासून पाहिलं होतं. त्यांचं मोठं कुंकू जरा डावीकडे सरकलेलं असायचं, तेही त्याने तसंच काढलं. एका रेघेला तो अर्धी सकाळ घ्यायचा. डोळे रंगवताना तर श्वास धरून बसला. शेवटी त्याने ब्रश ठेवला आणि माझ्यासमोर हात जोडले. मी तोऱ्यात बसून राहिले, पण मनातून त्याला माफ करून टाकलं.

ग्रामसभा शाळेच्या पटांगणात भरली. रामरावांनी कमानीचं रंगीत चित्र काठीला टांगलं होतं. चित्र सुंदर होतं, लोकांनी माना डोलावल्या. मग माळीपुऱ्यातल्या बायका परात घेऊन आल्या. परातीत उतारावरचं गाव, खाली रस्ता, रस्त्याच्या कडेला नाली. नालीच्या काठी आम्ही पाचजणी. बाजूला एक विटेचा तुकडा रिकामा ठेवलेला, तो ओटा. कोणीतरी म्हणालं, बायका भातुकली घेऊन आल्या. हशा पिकला. अन्नपूर्णाबाईंनी तिकडे लक्षच दिलं नाही. त्यांनी परात रामरावांच्या पुढ्यात ठेवली आणि तांब्या तिरका केला.

पाणी गावावरून आलं, रस्ता ओलांडून नालीत शिरलं, नाली भरली आणि आमच्यावर आलं. आधी पायांवर, मग कमरेपर्यंत. माझ्या टोपलीत चिखल शिरला. माझी एकच काळजी होती, की रंग सुटला तर? तोंड पुन्हा गेलं तर? पण त्या एका पातळ हाताने रंग असा घट्ट धरून ठेवला होता, की कुंकवाचा ठिपकाही हलला नाही. पुढचे लोक उठून परातीभोवती आले. रामराव खाली वाकले आणि माझ्याकडे पाहतच राहिले.

"हे कोण होय, काकू?" त्यांनी विचारलं. पण त्यांचा आवाज आधीच बदलला होता.

"तुमीच सांगा, रामराव."

ते परातीशी गुडघ्यांवर बसले. मग म्हणाले, "माय होय माही."

"हाव. तीस वर्षं थे अशीच बसली. कमानीखालून जाताना तिले कोणी पाह्यलं नाई. तिचं नाव टाकायचं तं जिथी थे बसे, तिथी टाका."

रामरावांनी परातीत हात घातला. दोन बोटांनी मला त्या पाण्यातून उचललं, खांद्यावरच्या उपरण्याच्या टोकाने माझं तोंड पुसलं, टोपली पुसली. अख्खी सभा पाहत होती. आता मला कुठे ठेवावं, ते त्यांना क्षणभर सुचेना. मग त्यांनी मला त्या रिकाम्या विटेवर बसवलं. पाठोपाठ माझ्या चार शेजारणींनाही एकेक करून वर घेतलं.

"ओटा करू," ते म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते त्यांनी लपवलं नाही.

हात वर झाले. मला विटेवरून सगळं पटांगण दिसत होतं आणि खाली राहिलेला हात शोधून सापडत नव्हता. मागे उभा असलेला इंद्रभान दोन्ही हात वर करून उभा होता. माणशी एकच हात मोजतात, हे त्याला कोणी सांगितलं नसावं. बायकांनी मला परातीसकट उचलून माळीपुऱ्यापर्यंत वाजतगाजत नेलं. एवढा मान मुंबईच्या दुकानातल्या कुठल्याही बाहुलीला मिळाला नसेल, हे मी पैजेवर सांगते.

पुढच्या पावसाळ्याआधी ओटा उभा राहिला. दगडी, गुडघाभर उंच, वर पत्र्याचं छप्पर. 'रुक्मिणीबाई भाजी ओटा' ही अक्षरं इंद्रभानने लिहिली. पहिल्या बाजाराला अन्नपूर्णाबाईंनी मला तागडीशेजारी बसवलं आणि पहिल्या खरेदीची भवानी करायला स्वतः रामराव आले. वांगी निवडताना त्यांनी भाव पाडायचा प्रयत्न केला, तेव्हा अन्नपूर्णाबाईंनी त्यांच्याकडे असं काही पाहिलं, की ते हसून गप्प बसले. दुपारी सर आली. नाली भरून वाहिली, रस्ता वाहिला, आणि ओट्यावरच्या मेथीच्या एका जुडीलाही चिखलाचा ठिपका लागला नाही. बायका पाय सोडून खालचं पाणी पाहत बसल्या होत्या, जणू कोणा दुसऱ्याच्या गावचं आहे.

त्यानंतर ओट्याची आठवण म्हणून मला पंचायतीत ठेवलं आणि मी बरीच वर्षं तिथल्या कपाटात काढली. आमच्यातल्या बाकी चौघी कुठे गेल्या कळलं नाही. माझ्यावर धूळ बसली, हिरवं लुगडं फिकं पडलं. मध्ये एकदा कोणीतरी म्हणालं, हिला नवा रंग देऊ, चांगला जाड. ऐकून माझा थरकाप झाला. सुदैवाने त्याला ब्रश सापडला नाही.

म्हणून मित्रांनो, तुम्हाला माझी एक विनवणी आहे. तुमच्या हातून एखादी वस्तू बिघडली, तर ती फेकू नका आणि रागाने खरवडूही नका. कशाने बिघडली ते आधी विचारा, जाणत्या बाईमाणसाला विचारायला लाजू नका, आणि भिजत घालून धीर धरा. ती नीट झाली, की मायेच्या भरात पुन्हा तीन हात चढवू नका. एक पातळ हात पुरतो. आत जो चेहरा आहे तो कोणाच्या तरी आईचा असेल, आणि तिला ओळखायला कोणीतरी येणार असेल.